दोन इंजिनांचा सूर

३ फेब्रुवारी

ठमे,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद वगैरे जे काय लिहायचं असतं ते तुझं तू समजून घे. मला आज धीर नाही. बातमी अशी आहे की तुझा मामा लग्न करतोय.

हसून झालं असेल तर पुढे वाच. बाईंना तू ओळखतेस. माझ्या घाटातल्या गाडीवर इतकी वर्षं कंडक्टर होत्या, त्याच. शाळेला सुट्टी असली की तू मागच्या सीटवर बसून त्यांच्या हातातलं तिकिटांचं यंत्र हिसकावायचीस, त्या बाई. तू म्हणशील, इतकी वर्षं एका गाडीवर होतात, मग आत्ताच काय सुचलं? अगं, इतकी वर्षं मी पुढे बघत होतो आणि त्या मागे. एकमेकांकडे नीट बघायला निवृत्त व्हावं लागलं.

गेल्या महिन्यात त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता. मी म्हटलं, उगाच कशाला प्लंबरला बोलावता, मी आहे ना. दुपारभर खटपट करून नळ मुळासकट हातात आला. शेवटी प्लंबर बोलवावा लागला. तो ओट्याखाली आडवा झाला होता, आम्ही दोघं ओल्या फरशीवर उभे होतो, आणि तेवढ्यात बोलणं झालं. प्लंबर म्हणाला, अभिनंदन, जरा ती पकड द्या.

तीस मेला नोंदणी कार्यालयात सह्या आहेत. गाजावाजा काही नाही. चहा, केक आणि डेपोतली चार माणसं. पण साक्षीदार म्हणून सही तुझी. तुझी आई गेली तेव्हापासून माझं माणूस म्हणजे तू. परदेशी गेलीस त्याला सहा वर्षं झाली, एकदाही आली नाहीस. मी त्याबद्दल कधी काही बोललो नाही, आजही बोलत नाही. फक्त या वेळी ये. तू सही केल्याशिवाय मी पेनाचं टोपण काढणार नाही.

फोन करू नकोस. जन्म इंजिनाशेजारी गेला, निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं मी भलतंच ऐकतो. पत्र लिही.

तुझा
मामा (नवरदेव)


१७ फेब्रुवारी

नवरदेव,

पत्र मी दुकानात वाचलं आणि इतक्या मोठ्याने ओरडले की मालकांच्या हातातून पियानोचं झाकण सुटलं. बोटं थोडक्यात वाचली. मग मी त्यांनाही वाचून दाखवलं. नळाच्या जागी त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

मामा, मला किती आनंद झालाय ते कसं सांगू? बाई मला फार आवडायच्या. त्यांनी तेव्हा मला सांगितलं होतं की ड्रायव्हर स्वभावाने चांगला आहे पण आरशात बघून मिशा फार कोरतो. म्हणजे लक्ष होतं म्हणायचं! मागे बघतात म्हणे!

आता मेचं. मेमध्ये इथल्या मोठ्या सभागृहात वादनाची स्पर्धा असते. तिथले सगळे पियानो सुरात लावायचं काम आमच्याकडे. सकाळी लावायचे, दुपारी कोणीतरी दणादणा वाजवून उतरवायचे, संध्याकाळी पुन्हा लावायचे. मालक सोडतील असं वाटत नाही. मी विचारून बघते. पण अगदीच नाही जमलं तर तुझा तो मेकॅनिक दोस्त आहेच की साक्षीदार व्हायला. सही काय, कोणाचीही चालते. मी नंतर निवांत येईन, चांगली महिनाभर राहीन.

बाईंना माझा नमस्कार. भेट म्हणून काय पाठवू ते कळव.

तुझी
ठमी


५ मार्च

ठमे,

पत्र मिळालं. काम महत्त्वाचं. मेकॅनिकला विचारलं, तो तयार आहे. भेट काही नको.

मामा

(खालचं मी लिहितेय. पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून जमतंय. तुझं पत्र वाचून तुझा मामा आधी खूप हसला. मग उठला आणि दिवसभर कुंपणाला रंग देत बसला. ते कुंपण आम्ही मागच्याच वर्षी रंगवलंय. जेवायला हाक मारली तर म्हणाला, भूक नाही. या माणसाला भूक नाही असं मी पहिल्यांदा ऐकलं.

मुली, मी आडपडदा ठेवत नाही. तुझ्या आईमागे तुम्ही दोघंच एकमेकांना होतात. मध्ये तिसरं माणूस आलं तर खुपतं, मला कळतं. मी नको असेन तर सरळ लिही. मी रागावणार नाही. तुझी, होऊ घातलेली मामी.)


१९ मार्च

मामा, आणि होऊ घातलेल्या मामी,

हे पत्र दोघांनी मिळून वाचा.

मामी, तुम्ही मला हव्या आहात. मला नको आहे ते विमान.

स्पर्धा खरी आहे, पण मालकांना मी विचारलंसुद्धा नाही. ते हसत सोडतील. मामा, मी इकडे आले तो माझा पहिला विमानप्रवास. तू मला विमानतळावर सोडलंस, मी हात हलवला, आत गेले. त्यानंतर काय झालं ते मी कोणालाच सांगितलेलं नाही.

विमान वर गेलं आणि मला एक आवाज ऐकू यायला लागला. आता माझं काम कसं ते तुला ठाऊक आहे. पियानोत बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात. तिन्ही एकजीव झाल्या तर आवाज सरळ येतो. एक जरी केसभर उतरलेली असली तर आवाज डोलतो, व्हॉंव... व्हॉंव... असा. तो डोल ऐकायचा, किल्लीने खुंटी फिरवायची आणि तो थांबवायचा, एवढ्यासाठी मला पगार मिळतो. माझ्या कानाला डोल म्हणजे बिघाड. दुसरा अर्थच माहीत नाही.

आणि त्या विमानाची दोन्ही इंजिनं डोलत होती.

मी घंटा दाबून हवाईसुंदरीला बोलावलं. म्हटलं, उजवं इंजिन उतरलंय, ड्रायव्हरला सांगा, जरासं चढवा. ती म्हणाली, पाणी आणू का? मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. पुढच्या रांगेतल्या आजींनी ‘इंजिन’ आणि ‘उतरलंय’ एवढंच ऐकलं आणि गळ्यातलं काहीतरी हातात धरून पुटपुटायला लागल्या. आता आठवलं की हसू येतं, तेव्हा नव्हतं. छाती अशी धडधडायला लागली की बाहेर येईल. बोटं बधिर. श्वास घेतेय तरी पुरत नाही. मला स्वच्छ वाटलं की मी आता मरते आहे, आणि कोणालाच ते दिसत नाहीये. पट्टा सोडून दाराकडे गेले. दोघी हवाईसुंदरींनी धरून बसवलं. उतरेपर्यंत मी तशीच होते.

तेव्हापासून घरावरून विमान गेलं तरी हाताला घाम येतो. हातात किल्ली असली तर खाली ठेवावी लागते. आगगाडीने येता येत नाही, मध्ये समुद्र आहे. जहाजाने यायचं तर जाण्यायेण्यातच उन्हाळा संपेल. मी सहा वर्षं दरवर्षी ठरवते आणि दरवर्षी कामाचं निमित्त काढते.

मामा, रंग देऊ नकोस आता. मला तुझ्या लग्नाला यायचंय. जमेल असं वाटत नाही.

ठमी


५ एप्रिल

ठमे,

आधी हे सांगतो की पत्र वाचून माझ्या मनावरचं ओझं उतरलं. मला वाटत होतं, पोरीला आता मामाची लाज वाटते. म्हणजे तुला नुसती भीतीच वाटत होती? वेडे, एवढंच ना! (बाई म्हणतात ‘एवढंच’ काढ. पेनाने लिहिलंय, आता कसं काढू.)

घाटातल्या गाडीला एक चष्मेवाले यायचे. पलीकडच्या गावात त्यांचं दुकान होतं. पहिलं वळण यायच्या आधीच माणूस पांढराफटक. ते माझ्या मागची दांडी धरून उभे राहायचे. मी त्यांना ‘घाबरू नका’ असं कधीच म्हटलं नाही. त्याने कोणाची भीती जात नाही, वर राग येतो. मी नुसतं पुढचं सांगत राहायचो. आता उजवं वळण आहे, गाडी डावीकडे कलेल. आता ब्रेक लावतोय, करकर होईल. वळणं काही मला चुकवता यायची नाहीत, पण काय येणार ते आधी कळलं की त्यांची मूठ सैल व्हायची.

तेव्हा मी ठरवलं, तुला विमानाची वळणं सांगायची. पंचाईत एकच. मी जन्मात विमानात बसलो नव्हतो. आणि न पाहिलेल्या रस्त्याची माहिती देणारा ड्रायव्हर मी नव्हे. म्हणून मंगळवारी आम्ही दोघं विमानात बसलो, राजधानीला गेलो, तिथल्या विमानतळावर चहा प्यायलो आणि पुढच्या विमानाने परत आलो. बाकी राजधानी काही पाहिली नाही.

आता ऐक. आधी विमान मागे जातं. ते स्वतः जात नाही, एक बुटकं वाहन ढकलतं. एवढ्या महागाच्या गाडीला रिव्हर्स नाही याचं मला वाईट वाटलं. मग बराच वेळ बससारखं रस्त्याने जातं, तेव्हाचे धक्के टायरचे. मग थांबतं, आणि एकदम पाठ सीटला चिकटते. वर गेल्यावर पायाखाली धडाम होतं. ती चाकं आत घेतात, तिथे दचकू नकोस. पुढे आवाज अचानक कमी होतो आणि पोटात गोळा येतो, वाटतं बंद पडलं. पडलेलं नाही. चढ सरला की आपण पाय हलका करतो, तेच. मध्ये खडबडीत रस्ता लागतो. हवेत खड्डे कसे, हे मी विचारलं, त्या मुलीने समजावलंही, मला ऐकू आलं नाही. उतरताना पंखाचे पत्रे उघडतात आणि आतली यंत्रं दिसतात. मोडलेलं नसतं. जमिनीला टेकल्यावर जो घरघराट होतो तो वेग मारण्याचा.

एकंदरीत मी मजेत होतो. बस चालवण्यापेक्षा सोपं काम आहे.

मामा

(मजेत! अगं, विमान उडाल्यापासून उतरेपर्यंत याचा उजवा पाय समोरच्या सीटखाली दाबलेला. ब्रेक! समोरच्या गृहस्थांनी दोनदा मागे वळून पाहिलं. हवाईसुंदरीला म्हणाला, ड्रायव्हरचा चेहरा बघायला मिळेल का, चेहऱ्यावरून झोप झाली की नाही ते कळतं. माझ्या मनगटावर अजून वळ आहेत. परतायची वेळ आली तेव्हा लंगडत होता आणि मला म्हणाला, आपण बसने जाऊ. पण परतीचं तिकीट काढलेलं होतं.

मी मात्र खिडकीत होते. ढग वरून फार छान दिसतात ग. आणि मी त्या मुलीवर लक्ष ठेवून होते. ती म्हणजे कंडक्टरच. विमान हादरत होतं आणि ती शांतपणे कप गोळा करत होती. आमच्या धंद्यात खरंच काही बिघडलं असेल तर कोणी कप गोळा करत बसत नाही. तू तिच्याकडे बघत राहा. हे मामाला कळवू नकोस. मामी.)


१६ एप्रिल

दोघांना,

तुमचं पत्र घेऊन मी सगळीकडे फिरतेय. मामाची ‘वळणं’ पाठ झाली. बाकीच्या मजकुराबद्दल मी काही बोलत नाही, मला बोलायची मनाई आहे.

मी डॉक्टरकडे जाऊन आले. त्यांनी छाती तपासली, म्हणाले, हृदय घोड्यासारखं आहे. शरीराने खोटी बोंब ठोकली की असं होतं. बोंब खोटी असली तरी धडधड खरी असते, म्हणून माणूस फसतो. ती वाढत वाढत एका जागी पोचते आणि मग आपली आपण उतरते, आपण तिच्याशी कुस्ती खेळलो नाही तर. श्वास घेण्याची घाई करायची नाही, सोडायचा मात्र लांब. मी दुकानात बसून श्वास सोडत असते. मालक विचारतात, काय, आज फार दमलीस?

येत्या शनिवारी मी तासाभराच्या विमानाचं तिकीट काढलंय. नुसतं सरावासाठी. जमलं की लगेच कळवते!

ठमी


४ मे

ठमे,

शनिवार होऊन गेला. त्यानंतर आणखी शनिवार गेले. तू गप्प आहेस त्या अर्थी जमलं नाही. त्यात तोंड लपवण्यासारखं काही नाही.

आम्ही दोघांनी बसून ठरवलंय. लग्न तुझ्या गावी करायचं. बाईंनी तिकडच्या नोंदणी कार्यालयाला विचारलं, होतं म्हणाले. डेपोतल्या माणसांना आल्यावर केक खिलवू. तू सभागृहाच्या कामातून तासभर ये, सही कर आणि जा. तिकिटं पुढच्या आठवड्यात काढतो. प्रवास लांबचा आहे, पण लांबच्या विमानात पाय दाबायला जागा जास्त असते म्हणतात.

हो, मला माहीत आहे बाईंनी काय लिहिलं होतं ते. पाकीट मी वाफेवर उघडलं. इतकी वर्षं यांच्याबरोबर काढली, त्या ‘मी चिकटवते’ म्हणाल्या तेव्हाच मला वास आला होता. तर खरं काय ते आता सरळ सांगतो. मी घाबरलो होतो. गाडी दुसऱ्याच्या हातात असली की मला सुचत नाही. पण घाबरून घरी बसलो आणि तू नसताना सही केली, तर ती सही मला जन्मभर बोचेल. त्यापेक्षा पाय दुखलेला बरा.

तुझा
मामा


१३ मे

मामा,

तिकिटं काढू नकोस! काढली असतील तर परत कर. मी येतेय.

आता सगळं सांगते. त्या शनिवारी मी विमानाच्या दारापर्यंत गेले होते. अगदी दारापर्यंत. एक पाय आत टाकला, आणि तो व्हॉंव-व्हॉंव सुरूही झाला नव्हता तरी मला तो ऐकू आला. मी वळले. मागे रांग लागलेली, अरुंद बोळ, मी एकेकाला ‘माफ करा, माफ करा’ म्हणत उलटी बाहेर आले. लोकांनी भिंतीला चिकटून वाट दिली. घरी येऊन रडले. मग तुम्हाला काय लिहायचं ते सुचेना.

तेवढ्यात तुझं पत्र आलं. मामा, तू माझ्यासाठी घाबरत घाबरत अख्खा समुद्र ओलांडणार होतास. मी ते पत्र वाचलं आणि मला स्वतःची कीव येणं थांबलं. नवरदेवाने लंगडत नोंदणी कार्यालयात यायचं आणि नवरीने त्याला टेकू द्यायचा, हे मला बघायचं नाही.

इथल्या विमानतळावर घाबरटांचा वर्ग भरतो. म्हणजे पाटीवर नाव वेगळं आहे. मी लागोपाठ दोन संध्याकाळी गेले. माझ्या शेजारी दातांचे डॉक्टर होते, ज्यांच्या खुर्चीला निम्मं गाव घाबरतं. ते विमानाचं नुसतं चित्र बघून रुमाल काढायचे. बरं वाटलं. शिकवायला एक बाई येतात, वैमानिक. करड्या केसांच्या, आवाज अगदी खालच्या पट्टीतला. शेवटी म्हणाल्या, कोणाला काही विचारायचंय? मी हात वर केला आणि इंजिन डोलण्याचं सांगितलं. वर्ग हसेल अशी तयारी ठेवली होती. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, आवाज काढून दाखवा. मी सगळ्यांसमोर ओठांनी व्हॉंव... व्हॉंव... करून दाखवलं.

त्या म्हणाल्या, बरोबर आहे. हाच आवाज असतो. दोन्ही इंजिनं जवळजवळ सारखी फिरतात, तंतोतंत सारखी फिरतीलच असं नाही. त्या फरकाने डोलतो.

मामा, माझा कान खरा होता!

मी म्हटलं, मग तुम्ही ती एका सुरात का लावून घेत नाही? बाईंनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, कशाला? आम्हाला विमान उडवायचं असतं, वाजवायचं नसतं.

आता मात्र वर्ग हसला. मीही हसले. सहा वर्षं मी ज्याला मरणाचं बोलावणं समजत होते तो नुसता बेसूर होता, आणि बेसुराने विमान पडत नाही. बेसुराने फक्त माझ्या दुकानाचं पोट भरतं. मग आम्हाला उभ्या विमानात नेऊन बसवलं, दार बंद केलं, उघडलं, पुन्हा बंद केलं. उडालो नाही. दातांचे डॉक्टर माझा हात धरून होते, मी त्यांचा.

बरी झाले असं म्हणणार नाही. परवा विमान घरावरून गेलं तर घाम आलाच. पण तिकीट काढलंय, सव्वीसचं. मालकांना विचारलं. ते म्हणाले, मामाच्या लग्नाला रजा मागतात का, सांगून जायचं असतं. स्पर्धेचं ते स्वतः बघणार आहेत.

मेकॅनिकला सांग, केक खायला नक्की ये, पेन आणू नकोस.

येणारी
ठमी


२६ मे, विमानात

मामा,

हे पत्र टपालात पडायचं नाही. वैमानिक बाईंनी सांगितलंय, हात रिकामे ठेवू नका. विणकाम मला येत नाही, म्हणून तुला लिहितेय.

मागे ढकललं. बुटकं वाहन पाहिलं. रिव्हर्स नाही हे खरंच खटकतं.

पाठ सीटला चिकटली. धडाम झालं. ‘चाकं,’ असं मी मोठ्याने म्हणाले. शेजारी एक धिप्पाड गृहस्थ आहेत, त्यांनी माझ्याकडे बघितलं.

आवाज कमी झाला. चढ सरला. चढ सरला. चढ सरला.

इतका वेळ बरं चाललंय. खायला दिलं, मी खाल्लंही. आता डोल सुरू झालाय. हळू आहे. व्हॉंव. मग बऱ्याच वेळाने व्हॉंव. मी दुकानात असते तर खुंटी थोडीशीच फिरवली असती. इथे खुंटी नाही.

आली.

छाती. बोटं जाताहेत, अक्षर बघ. मामा मला उतरायचंय. उगाच आले. दार कुठे आहे ते मला माहीत आहे, तिकडे बघत नाही. श्वास सोडतेय. तो पुरत नाही असं वाटतं पण पुरतो, डॉक्टर म्हणाले पुरतो.

अजून आहे. वाढतेय. लिहीत राहते. कुंपणाला कुठला रंग दिलास ते तू सांगितलंच नाहीस. हिरवं असेल. तुला दुसरा रंग दिसत नाही.

कपवाली मुलगी गेली. ट्रे घेऊन गेली. कोणाशी तरी हसत होती.

सोडतेय श्वास. लांब.

अजून आहे पण वाढत नाहीये. मामा, वाढत नाहीये.

गेली. पूर्ण नाही, कोपऱ्यात बसलीय, बसू दे. बोटं परत आली. मी घामाने भिजलेय, केस कपाळाला चिकटलेत, आणि मी जागेवर आहे. पट्टासुद्धा सोडला नाही. मी जागेवर आहे! हे वाक्य लिहिताना मला रडू येतंय पण ते वेगळं रडू आहे.

नंतर. शेजारच्या गृहस्थांनी हळूच विचारलं, ‘अहो, ऐकलंत का? तो आवाज असा डोलल्यासारखा का येतो?’ बघितलं तर त्यांच्या कपाळावरही घाम. एवढा मोठा माणूस, खुर्चीचा हात धरून बसलेला. मी त्यांना सगळं समजावलं, दोन इंजिनं, केसभर फरक, तारा, डोल. म्हटलं, विमान उडवायचं असतं, वाजवायचं नसतं. ते म्हणाले, तुम्ही विमान कंपनीत आहात का? म्हटलं, नाही, मी पियानो लावते. ते जरा गोंधळले, पण खुर्चीचा हात सोडला. आता ते झोपलेत आणि घोरताहेत. त्यांचा सूर मात्र कुठेच लागत नाही.

उतरतोय. पंखाचे पत्रे उघडले, आतली यंत्रं दिसताहेत. मोडलेलं नाही. खाली आपली नदी दिसली. मामा, नदी दिसली.

सामानाच्या पट्ट्यापाशी उभी आहे. कागद बॅगेवर ठेवून लिहितेय, म्हणून अक्षर असं. माझी पेटी अजून आलेली नाही, पण समोर मोठी काच आहे आणि काचेपलीकडे मामी दिसताहेत. निळी साडी, केस पांढरे झालेत, दोन्ही हात वर करून हलवताहेत. भोवतीचे लोक वळून बघताहेत.

त्यांच्या शेजारच्या खुर्चीत तू आहेस. मान मागे, तोंड उघडं, बूट सुटलेले, गाढ झोपलास. किती म्हातारा झालास रे. मी सहा वर्षं तुला बघितलं नव्हतं.

मामी खुणेने विचारताहेत, उठवू का? मी हाताने नको म्हणतेय. पेटी आली. मी येते, मीच उठवते.